नदीपलीकडे सोडलेली मांजर

माघ लागला की आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक टेम्पो येऊन उभा राहतो. हुरड्याची कणसं, ओला हरभरा, बोरं. चिखलीत आता शेत औषधालाही उरलेलं नाही, पण शाळू कुठूनतरी येतोच. परवा मी खाली उतरले, एक कणीस उचललं, दाणा नखानं दाबून पाहिला. टेम्पोवाला म्हणाला, "घ्या की राव आजी, गोड हाय." आजीला राव म्हणणारा हा कोण टिकोजीराव, म्हणून मी डोळे वटारणार, एवढ्यात मागं पार्किंगमध्ये मांजर ओरडली. माघातलं मांजरांचं ते ओरडणं ज्यानं ऐकलंय त्याला सांगायला नको. तान्हं मूल टाहो फोडतंय असंच वाटतं. मी कणीस तसंच खाली ठेवलं आणि घरी आले. त्या बिचाऱ्याला वाटलं असेल, म्हातारीला भाव पटला नाही.

भावाचं काही नव्हतं. मला कुरुळीची सुगी आठवली होती, आणि ती आठवली की माझं डोकं चालेनासं होतं. बाकी सारं आयुष्य मी घडाघडा सांगू शकते. कोण कुणावर का रुसलं, कुठल्या बैलाचं कुठलं शिंग मोडलं होतं, सगळं. त्या एका सुगीचं मात्र दर वेळी वेगळं सांगते, आणि सांगताना दर वेळी तेच खरं वाटतं. माझी नात सई म्हणते, "आजी, मागच्या वेळी तर तू म्हणालीस की मांजर सरळ आत गेली." म्हणाले असेन बाई. आता खरं कुठलं ते कुणाला विचारू? जे होते ते सगळे गेले, मांजरीसकट.

मी ताथवड्याची. आता तिथं म्हणे कॉलेजंच कॉलेजं झालीत, सई तिथंच शिकते. माझ्या वेळी सातवी पास झालेली पोर दिसली की माणसं वळून बघायची. शिकलेली म्हणून मला कुरुळीच्या घरात पसंत केलं, आणि शिकलेली म्हणूनच की काय, आल्या दिवशी सासूबाईंनी शेणाची पाटी माझ्या डोक्यावर दिली. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. पिंपरीला तेव्हा औषधांचा मोठा कारखाना नवा निघाला होता, आमचे हे तिथं नोकरीला लागले होते. पहिल्या शिफ्टला सायकलवरून जायचे, मोशीचा पूल ओलांडून इंद्रायणीच्या पलीकडं. घरात शिफ्ट हा शब्द नवा, नवरा नवा, आणि मी तर सगळ्यांत नवी. पूर्ण वर्षही झालं नव्हतं लग्नाला. दिवसभर कुणाशी बोलायची सोय नाही. आत्याबाईंशी बोलायचं म्हणजे "व्हय" नाहीतर "न्हाई." मग मी घरात येणाऱ्या एका करड्या मांजरीशी बोलायला लागले.

आमच्याकडं मांजर कुणी पाळत नसे. मांजर असायची. फरक आहे दोन्हीत. कुत्रं पाळायचं, त्याला नाव ठेवायचं, भाकरी टाकायची. मांजर आपली असायची, घराच्या आढ्यासारखी. तिला पोटभर घालायचं नाही, कारण पोट भरलेली मांजर उंदीर धरत नाही, हे आत्याबाईंचं ठाम मत. ती गल्लीतल्या चारपाच घरांत फिरायची, आणि तिच्याबद्दलचा कायदा साधा होता. उंदीर धरला की आमची, दुधात तोंड घातलं की लोकांची. आता आमच्या सोसायटीत तरी काय वेगळं आहे? पार्किंगमधल्या मांजरांचे फोटो काढायला सगळे, आणि गाडीच्या सीटवर नखं उमटली की "कुणाची आहेत ही मांजरं?"

सुगीत मात्र मांजरीला मान. शाळू काढणीला आला की उंदरांचीही सुगी. शेतातून खळ्यावर, खळ्यावरून घरात, धान्याच्या आधी उंदीर पोचायचे. खळं सारवून घ्यायचं, मधे तिवड्याचा खांब रोवायचा, त्याला बैल जुंपून कणसं मळायची. त्या दिवसांतला वास मला अजून येतो. कडब्याचा गोडसर वास, ओल्या शेणाचा, बैलांच्या घामाचा, आणि नाकात बसलेला कोंडा. पहाटे गारठा इतका की सारवताना बोटं वाकायची नाहीत, आणि दुपारी डोकं तापायचं. धान्य यायच्या आधी कणगी लिंपून ठेवायचं काम सुनेचं. कणगी म्हणजे बांबूच्या कामट्यांची माणूसभर उंचीची टोपली, वर्षाचं धान्य साठवायची. ती आतून बाहेरून शेणमातीनं लिंपली की उंदराला वाट राहत नाही.

मागच्या अंधाऱ्या खोलीत आमची कणगी रिकामी पडलेली होती, जरा आडवी कललेली. मी शेणमाती कालवून आत हात घातला, तर हाताला काहीतरी ऊन ऊन लागलं. तीन पिल्लं. डोळे मिटलेले, आणि करडी मांजर त्यांना कवटाळून पडलेली. मला बघून ती उठली नाही, फिसकारली नाही, नुसती एकदा बारीक "म्यां" म्हणाली. मी हात काढून घेतला. त्या दिवशी कणगी लिंपली नाही. आत्याबाईंनी विचारलं तर म्हणाले, "शेण लई पातळ झालंया, उद्या करते." दुसऱ्या दिवशी म्हणाले, माती चाळायचीय. असं तीन दिवस चाललं. घरात खोटं बोलायची ती माझी सुरुवात, आणि मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं.

लपवायचं कारण होतं. मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवते, त्याशिवाय त्यांचे डोळे उघडत नाहीत, असं आमच्याकडं मानत. आणि मानून स्वस्थ बसत नसत, हातभार लावत. कुणाच्या घरात पिल्लं दिसली की बायका मांजरीच्या मागं लागायच्या, पाटीत पिल्लं उचलून शेजारच्या गोठ्यात नेऊन ठेवायच्या. "चल गं बाई, फुडच्या घरी. सात घरं व्हायला पायजेत." शेजारीणही तेच करायची. पिल्लं गल्लीभर फिरायची, त्यात एखादं कुत्र्याच्या तोंडी जायचं, एखादं पाटीतून पडायचं, आणि कुणाच्याच माथी काही यायचं नाही, कारण पिल्लं नेहमी पुढच्या घरची. ही तिन्ही पिल्लं मी आधी आमच्या चुलतसासूच्या, सोनाबाईंच्या वैरणीत बघितली होती. त्यांनीच हुसकली असणार. मी मनात ठरवलं की आमचं घर सातवं. कशावरून सातवं? कशावरूनही नाही. मी ठरवलं म्हणून.

सईच्या मांजरीला कार्ड आहे. कुठली लस कधी दिली, कधी द्यायचीय, डॉक्टरांचा शिक्का. माझ्या चार बाळंतपणांचा कागद कुठं नव्हता, आणि या बयेचं कार्ड आहे! त्यांच्या घराच्या खिडक्यांना जाळी लावलीय, ती बाहेर जाऊ नये म्हणून. सुरुवातीला मी सईशी भांडले. म्हटलं, मांजराच्या जातीला कोंडून ठेवतेस, पाप लागेल. ती म्हणाली, "आजी, बाहेर सोडली की गाडीखाली जाते, पक्षी मारते, आणि दर सहा महिन्यांनी पाच पिल्लं. त्यांचं कोण करणार?" वर मला विचारते, "तुम्ही तिचं ऑपरेशन का नाही करून घेतलंत?" बाई गं, तेव्हा कुरुळीत माणसाला डॉक्टर नव्हता. पण तिचा शेवटचा प्रश्न मला लागलाच. त्यांचं कोण करणार, हे आमच्या गल्लीत कधी कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी सोनाबाई अंगणात येऊन उभ्या राहिल्या. तांबड्या कोंबडीची चार पिल्लं नाहीशी झाली होती. पदर खोचलेला, आवाज वेशीपर्यंत जाणारा.

"काय गं जाऊबाई, तुमच्या मांजरीनं माजी पिल्लं खाल्ली की!"

आत्याबाई तव्यावरची भाकरी टाकून बाहेर आल्या. "आमची कवा झाली ती? आमी कुटं मांजर पाळलीया?"

"तुमच्याच घरात असती दिसभर. तुमची सून दूध घालती तिला. म्यां बघितलंया या डोळ्यांनी."

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी चुलीतल्या जाळाकडं पाहिलं. दूध घालत होते हे खरं. वाटीभर, रोज, पिल्लं बघितल्यापासून. त्या वेळी मी "व्हय, माझी हाय" म्हणाले असते तर काय झालं असतं? चार शिव्या पडल्या असत्या. पोटी पोराचा पत्ता नाही अन् मांजरं पोसतीया, हे ऐकावं लागलं असतं. पुढच्या कोंबडीची पिल्लं द्या म्हणाल्या असत्या सोनाबाई. त्यापलीकडं काही नाही. आणि खरं सांगू, पिल्लं तिनंच खाल्ली हे तरी कुणी बघितलं होतं? गोठ्यामागं मुंगूस फिरायचं. पण मी नुसतं चुलीत लाकूड पुढं सारलं.

"गावाची मांजर हाय ती," आत्याबाई म्हणाल्या. "आमचा काय संबंद न्हाई." आणि संबंध नाही हे सिद्ध करायला संध्याकाळी आपल्या लेकाला म्हणाल्या, "उद्या कामावर जाताना घेऊन जा तिला. नदीपल्याड सोड. नदी वलांडली की मांजर माघारी येत न्हाई."

हे मला आजवर कळलेलं नाही. आमची नाही, म्हणून आम्हीच ती सोडून यायची. आमची असती तर राहिली असती का? मांजर मारली तर काशीला सोन्याची मांजर दान करावी लागते, हे सगळ्यांना पाठ. सोडली तर काही लागत नाही. मारायचं पाप, सोडायचं नाही. मग नदीपलीकडं जाऊन ती मेली तर ते पाप कुणाचं? आत्याबाईंना मी हे विचारायला हवं होतं. पुढं त्या चाळीस वर्षं जगल्या, आमचं बरं जमलंही, पण मी कधी विचारलं नाही.

सकाळी तिला धरायची वेळ आली. आमचे हे मागं धावले, आत्याबाई धावल्या, ती कौलावर. कुणाच्याच हाती येईना. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "सूनबाई, तू बोलीव. तुजं ऐकती." मी अंगणात वाटी वाजवली. ती उतरून आली, माझ्या पायाला अंग घासलं. मी उचलली. माझ्याच हातांनी पोत्यात घातली. यांनी पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं, सायकलच्या कॅरियरला अडकवलं, आणि मग थांबून माझ्याकडं बघून म्हणाले, "हिला पिल्लं न्हाईत न्हवं कुटं?"

आत्याबाई दारात उभ्या होत्या.

"न्हाईत," मी म्हणाले.

यात गोंधळ नाही. बाकी सगळ्यात आहे, यात नाही. एवढा एक शब्द मला स्वच्छ आठवतो, आणि पोत्यातली हालचाल आठवते. सायकल वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी तिथंच होते.

मग दोन दिवस मी आई झाले, आणि भलतीच वाईट आई झाले. शेळीचं दूध, चिंधीची वात करून ती दुधात बुडवायची, पिल्लाच्या तोंडाला लावायची. थोडं आत, बाकी मानेवर. खळ्यावर कामाला माणसं आलेली, त्यांच्या भाकऱ्या थापायच्या, पाणी न्यायचं, आणि मधेच काहीतरी विसरल्याचं सोंग करून घरी पळायचं. पिल्लांचं ओरडणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून कणगीवर गोधडी टाकली होती. सगळ्यांत धाकटं दुसऱ्या दिवशी दुपारी गार पडलं. पोट टम्म फुगलेलं होतं. मला वाटलं, दूध जास्त झालं. हे मी सईला सांगितलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "आजी, एवढ्या लहान पिल्लांना आपली आपण शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते. ओलं फडकं पोटाखाली फिरवायला हवं होतंस." साठ-पासष्ट वर्षांनी मला कळलं ते का मेलं. म्हणजे फडकं होतं घरात. पाणीही होतं.

त्या संध्याकाळी खळ्यावर यांना भाकरी वाढताना मला रडू कोसळलं. आत्याबाई लांब वैरण रचत होत्या. मी सांगून टाकलं. वाटलं, आता भाकरीचं ताट भिरकावतात. यांनी घास तसाच हातात धरला. "म्यां इचारलं तवा?" एवढंच म्हणाले. मग घास खाल्ला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "कँटिनच्या मागं सोडलीया. बगतो उद्या."

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर हे कँटिनच्या मागं गेले आणि चक्रावले. त्यांच्या तोंडून ही गोष्ट ऐकताना लोक पोट धरून हसायचे. "आवो, म्यां म्हनलं 'मने, मने', तर आट मनी आल्या!" झालं होतं काय, की कारखान्याला लागलेला जो तो गडी आपल्या गावची मांजर सायकलला बांधून तिथंच आणून सोडत होता. चिखलीची, मोशीची, कुठली कुठली. प्रत्येकाच्या घरून हुकूम तोच, लांब सोड. आणि प्रत्येक मांजरीचं नाव मनी, कारण आमच्याकडं मांजरीला दुसरं नाव असतं कुठं? त्या आठांत तीन करड्या होत्या. यांनी त्यातली एक, जी आचळं भरलेली दिसली, ती धरून पोत्यात घातली.

पोतं अंगणात सोडलं. करडी मांजर बाहेर आली. सईला मी सांगते, ती सरळ मागच्या खोलीत गेली. तसं झालं असतं तर किती बरं झालं असतं. माझ्या डोळ्यांपुढं मात्र असंही दिसतं की ती भिंतीला चिकटून थरथरत होती आणि मीच तिला उचलून कणगीत ठेवली. ती फिसकारली. दोन्ही पिल्लं हुंगली. बराच वेळ नुसती उभी राहिली. मग आडवी झाली, आणि पिल्लं चुरूचुरू प्यायला लागली. मी तिथंच जमिनीवर बसून रडले. हे दारातून म्हणाले, "बघ, हीच हाय. न्हाईतर कशाला पाजंल?"

मला एकदम बरं वाटलं. ते बरं वाटणं दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी मी तिला उजेडात पाहिलं आणि मनात पाल चुकचुकली. आमच्या मांजरीच्या कानाला चीर होती. हिच्याही होती, उजव्या कानाला. आमच्या मांजरीच्या कुठल्या कानाला होती? डाव्या की उजव्या? मी डोळे मिटून आठवायला बसले. तिच्याशी मी तासन् तास बोलले होते, माहेरच्या गोष्टी सांगितल्या होत्या, मनात माझी माझी म्हणत होते, आणि तिचा कुठला कान फाटका ते मला सांगता येईना! पोट पांढरं होतं की नव्हतं? डोळे हिरवे की पिवळे? मी यांना विचारलं, "अहो, हीच का हो?" हे सायकलच्या चेनला तेल घालत होते. "अगं, मांजर मांजरासारखीच असती. पाजती न्हवं? मग झालं तर."

झालं तर. पण नसेल झालं तर? हिच्या आचळांत दूध होतं, म्हणजे हिलाही कुठंतरी पिल्लं होती. ही आमची असेल तर ती पिल्लं हीच. ही आमची नसेल, तर कँटिनमागं कुठल्या पोत्याखाली, कुठल्या पाइपात दुसरी पिल्लं तोंड उघडून पडली असतील, आणि त्यांच्यासाठी चिंधी भिजवणारं कुणी नसेल. एकांची आई हिसकावून दुसऱ्यांना दिली म्हणायची. मी यांना परत जायला सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार? आणि परत जाऊन काय बघायचं, हे मला कळत नव्हतं. चार दिवसांनी पिल्लांचे डोळे उघडले. आत्याबाईंना सगळं कळलंच होतं. त्या कणगीत वाकून बघत म्हणाल्या, "झाली वाटतं सात घरं." मला मेलं हसू आलं.

मग सुगीचा शेवट आला. मळणी संपली, उफणणी राहिली. वाऱ्याकडं तोंड करून यांनी पाटी धरायची, कोंडा उडून जायचा, दाणे खाली पडायचे. मी अंगणात सुपानं उरलेलं पाखडत बसले होते. दुपार टळटळीत. पिल्लं आता कणगीबाहेर यायला लागली होती, एक माझ्या पदराशी खेळत होतं. घरातली करडी एकाएकी उठली, पाठ कमानीसारखी वर केली आणि गुरगुरली. मी वर पाहिलं. समोरच्या दगडी गडग्यावर एक करडी मांजर उभी होती.

हडकुळी. एक पाय उचलून धरलेला. ती घरातल्या मांजरीकडं बघत नव्हती, पिल्लांकडंही नाही. माझ्याकडं बघत होती.

ऊन माझ्या डोळ्यांवर होतं. तिचा कान दिसला नाही. की दिसला आणि मला बघायचा नव्हता? गावात करड्या मांजरींना तोटा नव्हता, कुठलीही असेल. बोका असेल, बोके पिल्लं मारतात. हे सगळं मी नंतर स्वतःला सांगितलं. त्या क्षणी ती गडग्यावरून खाली उतरायला वाकली, पिल्लू माझ्या पायाशी होतं, आणि मी हातातलं सूप फेकून मारलं. "शुक्! हो बाजूला!"

सूप तिला लागलं नाही. दाणे सांडले. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि गडग्यापलीकडं उतरून गेली. संध्याकाळी मी यांना म्हणाले, "एक मांजर आली होती." हे म्हणाले, "कंची?" मी म्हणाले, "काय की." मोशीच्या पुलावर रहदारी ती किती असणार तेव्हा. मांजर पूल ओलांडून येऊ शकते, हे एवढ्या मोठ्या गावात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. नदी ओलांडली की मांजर माघारी येत नाही, असं आम्हीच ठरवलं होतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर आमच्या घरात मांजर नाही असं कधी झालं नाही. कुरुळीत, मग कारखान्याच्या क्वार्टरमध्ये, मग इथं चिखलीला. हे गेले त्या दिवशीही एक उंबऱ्यात बसलेली होती. पण कुठल्याही मांजरीला मी चारचौघांत माझी म्हटलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "येते आपली." माझी कुणी होती की नाही, आणि असलीच तर ती आत होती की गडग्यावर, हेच मला ठाऊक नाही.

परवा टेम्पो येऊन गेला, त्याच संध्याकाळी पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग होती. विषय एकच, मांजरं. चेअरमन भला माणूस आहे, पण त्याच्या नव्या गाडीच्या बॉनेटवर पावलं उमटली होती. तो म्हणाला, "हे बघा, कुणाची असतील तर सांगा. घरात ठेवा, आमचं काही म्हणणं नाही. कुणाचीच नसतील तर उद्या माणूस बोलावलाय. पिंजऱ्यात घालून नदीपलीकडं सोडून येईल, कुरुळीच्या बाजूला. तिकडं मोकळी जागा आहे."

कुरुळीच्या बाजूला! मला हसावं की रडावं कळेना. आम्ही तिकडून इकडं आणून सोडली, हे आता इकडून तिकडं नेणार. मधे नदी तीच.

मीटिंगला आलेली निम्मी माणसं त्या मांजरांना बिस्किटं घालतात, मी वरून बघते ना! कुणी मोबाइलमध्ये डोकं घातलं, कुणी पोराला दटावलं. पार्किंगमधल्या एका करड्या मांजरीला मी रोज दुपारी भात घालते, हेही कुणी सांगितलं नाही. सई नव्हती, कॉलेजात होती. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी त्या मांजरीला, आणखीही काहींना, डॉक्टरांकडं नेऊन ऑपरेशन करून आणलंय. ऑपरेशन झालं की डॉक्टर कानाचं टोक कापतात म्हणे, बघणाऱ्याला कळावं म्हणून. पहिल्यांदा तो कापलेला कान पाहिला तेव्हा मी जिन्यातच बसले होते.

"म्हणजे कुणाचीच नाहीत ना?" चेअरमननं वही मिटली.

"ती करडी माझी आहे," मी म्हणाले. गुडघे दुखतात, तरी उभी राहिले.

चेअरमन हसला. "अहो आजी, करड्या इथं तीन आहेत. तिघींचे कान कापलेत. तुमची कुठली, कशावरून?"

मग मी सांगायला लागले. डाव्या कानाचं टोक कापलेलं, पण ते डॉक्टरांनी. पोट पांढरं, त्यावर अंगठ्याएवढा करडा ठिपका. डोळे पिवळे, उजव्यात जरा हिरवी झाक. मागचा एक पाय टाकताना किंचित लंगडते. माणूस ओळखीचं असलं की आधी एकदा बारीक म्यां म्हणते आणि मग येते. सांगता सांगता मला कळेनासं झालं की हे सगळं मी या मांजरीचं सांगतेय की तिचं. लोक माझ्या तोंडाकडं बघत होते. म्हातारीला काय झालंय, असंच त्यांना वाटलं असणार. बॉनेटवरची पावलं मी पुसून देईन, म्हणाले. उद्यापासून ती माझ्या घरात राहील. सई जाळीचं बघेल.

"बरं बरं, आजी, बसा तुम्ही," चेअरमन म्हणाला. "राहू द्या ती. आणखी काही?"

आणखी काही कुणी विचारलं नव्हतं. तरी मी म्हणाले, "आणि तिला पिल्लं नाहीत. या वेळी खरं सांगतेय."